बांडीचे धनी

फार पूर्वी एका माळावरच्या प्राण्यांनी मिळून बांडी नावाची गाय पाळली होती. रानाचा कारभार म्हाताऱ्या हत्तीकडे होता. दूध उकळल्याशिवाय कुणी कुणाला द्यायचं नाही, अशी दवंडी त्याने पिटवली.

कोल्हा हसला. "ते विकणाऱ्यांसाठी! आपण सगळे बांडीचे धनी. आणि धारोष्ण दूध गरमच असतं की, त्याला पुन्हा चूल कशाला?"

सशिणीला ते अगदी पटलं. धारोष्ण दुधाने पोर बाळसं धरतं, असं तिची आईही सांगायची.

एका सकाळी बांडी तापाने फणफणली होती. "आज पोराला असं कच्चं देऊ नकोस गं," ती कण्हत सशिणीला म्हणाली.

"अगं, घरच्या गाईचं दूध कधी बाधतं का?" म्हणत सशिणीने फेसाळ वाटी पिल्लाच्या तोंडाला लावली.

पिल्लाला जुलाब लागले. ते सुकत गेलं आणि आईच्या कुशीतच दगावलं.

हत्ती माळावर आला. "गाय कुणाची?" त्याने विचारलं.

कोल्हा दुसरीकडे बघू लागला. बाकीच्यांनी माना खाली घातल्या.

रिकामी वाटी पोटाशी धरून सशीण तेवढी पुढे आली.

"माझी," ती म्हणाली.