मोरखडीच्या वळलेल्या भिंती

“झाडाला आमच्या मोरखडीइतका मान देणारं गाव अख्ख्या तालुक्यात सापडायचं नाही,” गेनूनाना म्हणाला, आणि पाहुण्यांनी माना डोलवायच्या आत त्यानंच पुढं जोडलं, “आता गावात झाड नाही, तेवढं सोडा.”

पाहुणे दोघं. एक पालिकेच्या उद्यान खात्यातल्या तांबोळी मॅडम, दुसरा बिल्डरचा इंजिनिअर, ज्याचं हेल्मेट डोक्यापेक्षा काखेतच जास्त असायचं. गावाबाहेरच्या माळावर इमारती उठणार होत्या. तिथं बिबळ्याचं एक झाड उरलं होतं, आसपासच्या गावांतलं शेवटचं. मॅडमनी ते राखायचं ठरवलं होतं. भोवती गोल कट्टा, रंगीत फरशी, खाली दिवे, आणि कट्ट्याला लागूनच तळघरातल्या पार्किंगचा खड्डा. आज नकाशावर सही व्हायची होती. त्याआधी चहा पाजतो म्हणून नानानं दोघांना गावातून फिरवून आणलं. चहा अजून कुठं दिसत नव्हता.

मोरखडीत नजरेत भरतात त्या भिंती. प्रत्येक घराची एक भिंत सरळ येता येता मध्येच आत वळते, झाड मावेल एवढी जागा सोडते आणि पुन्हा सरळ होते. गावात त्या जागेला बगल म्हणतात. बगलेत झाड नसतं. कुणाची सायकल असते, कुणाचं कोंबड्यांचं डालगं.

“ही डिझाइन कुणाची?” इंजिनिअरनं विचारलं.

“एका बाईची,” नाना म्हणाला. “बसा साहेब. एवढं शिकलात, थोडं राहिलंय ते आम्ही पुरं करतो.”

असं सांगतात, की फार पूर्वी नदीनं जुनं गाव गिळलं, तेव्हा उरलीसुरली माणसं या माळावर चढून आली. त्या काळी इथं बिबळ्यांचं रान होतं. माणसांचा म्होरक्या सुभानजी. त्याची बायको भागूबाई चढणीतच अडली आणि एका बिबळ्याच्या सावलीत बाळंत झाली. अशी गार सावली माळावर दुसरी नाही म्हणून सुभानजीनं घर आखलं ते तिथंच. आखून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की झाड मध्ये येतंय. मग त्यानं कुऱ्हाड काढली. इथं नाना थांबून इंजिनिअरकडं बघतो.

पहिल्या घावाला झाडातून रक्त आलं म्हणे. बिबळ्याचा चीक लालच असतो, हे जन्मभर शेळ्या राखलेल्या नानाला ठाऊक आहे, पण गोष्टीत तो रक्तच सांगतो. दुसरा घाव पडायच्या आत भागूबाई तान्ह्याला घेऊन खोडाला पाठ लावून बसली. म्हणाली, आता मार. सुभानजीनं कुऱ्हाड टाकली, आणि त्या लाल घावावर हात ठेवून सगळ्यांसमक्ष शपथ घेतली, की मोरखडीत झाडाला कुऱ्हाड लागणार नाही. झाड आडवं आलं तर भिंत वळेल.

आणि भिंत वळली. गाव शब्दाचं पक्कं. पण माळावरचा वारा वाईट, घर टिकायचं तर पाया खडकापर्यंत न्यायला हवा. खोडाच्या दोन्ही अंगांनी चर खणले. चरात मुळं आडवी आली, ती टिकावानं तोडली. टिकाव म्हणजे काही कुऱ्हाड नव्हे. शपथ शाबूत राहिली. वर मुरूम घालून जमीन चोपली, सारवली.

ऐन श्रावणात बिबळ्याची पानं गळायला लागली. भागूबाई घरोघर सांगत फिरली, की झाड मरतंय. लोक यायचे, खोडाभोवती एक चक्कर मारायचे आणि म्हणायचे, घाव कुठं आहे तो दाखव. जुना एक होता, तोही भरून आलेला. ती रोज घागर ओतायची, पाणी चोपलेल्या जमिनीवरून ओघळत अंगणाबाहेर जायचं. झाड वाळलं. वाळलेलंही तोडता येईना, कारण शपथ. ती मात्र रोज त्याला पाठ लावून बसायची. एका दुपारी वावटळ आली आणि झाड पडलं ते तिच्यावरच. तिच्या सरणाला लाकूड शोधावं लागलं नाही, असं सांगतात.

गावानं यातून धडा घेतला म्हणे. जागा कमी सोडली, असं सगळ्यांचं मत पडलं. पुढच्या घरांनी बगल वीतभर मोठी केली, पाया तेवढाच खोल. एकेक घर उठत गेलं, एकेक झाड उभ्या उभ्या वाळत गेलं. कुऱ्हाड एकालाही लागली नाही.

आजही मोरखडीत सिमेंटचं घर बांधलं तरी एक भिंत वळवतात. आजही नवी सून उंबरा ओलांडायच्या आधी बगलेत तांब्याभर पाणी ओतते, आणि ते पाणी फरशीवरून वाहत मोरीला लागतं.

“भारी आहे,” इंजिनिअर म्हणाला. “ब्रोशरमध्ये टाकू. कट्ट्याला भागूबाईचं नाव देऊ.”

“द्या की. फोटो माझा छापा,” नाना म्हणाला. मग मॅडमकडं वळला, आणि त्याच्या तोंडावरचं हसू तेवढ्यापुरतं गेलं. “मॅडम, तो खड्डा जरा लांब सरकवा.”

“खोडापासून किती जागा सोडायची ते नियमात आहे, नाना. तेवढी सोडलीय.”

“आमच्यांनीपण सोडली होती.”

“माहीत आहे मला मुळं तुटणार ते. पण नियम खोडाचा आहे.”

“मग सही करू नका. भागूबाईसारख्या झाडाला पाठ लावून बसा.”

मॅडमनी मांडीवरच्या नकाशाची घडी केली.

“ती जन्मभर बसली, नाना. झाड राहिलं का?”