जैवंताच्या ऐनावरची अळी

ऐनाच्या रानाला लागून एक गाव होतं, बरं का. तिथे जैवंता नावाची एक म्हातारी राहायची. सारं गाव ऐनाच्या झाडांवर अळ्या वाढवायचं. अळ्या कोसे विणायच्या, कोशांचं रेशीम निघायचं, त्यावर घरोघरी चूल पेटायची.

एकदा काय झालं, अशा गारा पडल्या की झाडं बोडकी झाली. अळ्या सगळ्या गेल्या. उरली एकच, बोटाएवढी हिरवीगार, जैवंताच्या ऐनावर.

मग आल्या मुंग्या. जैवंतानं बुंध्याभोवती राख टाकली. मग आला कावळा. तिनं गोफण फिरवली. मग काय, त्या झाडाचा उरलासुरला पालाच संपला!

अळी म्हणाली, "माय, भूक लागली."

जैवंता दचकली. पण म्हणाली, "थांब हं बाळा." तिला फांदीसकट उचललं आणि आत दाट रानात, गारांतून वाचलेल्या, पाल्यानं भरलेल्या ऐनावर नेऊन ठेवलं.

अळी खाऊन खाऊन लठ्ठ झाली. मग म्हणाली, "माय, मी आता निजते. उठवू नको हो." आणि स्वतःभोवती तिनं कोसा विणला. अंड्याएवढा, देठाला लोंबणारा. जैवंतानं तो डहाळीसकट घरी आणला आणि सुपावर टांगला.

इकडे घरात दाणा नाही. लेक कौतिका रडकुंडीला आली. "आई, उकळ तो कोसा. विकू, पेज तरी होईल."

जैवंताच्या पोटातही आग पडलेली. तिनं कोशाला हात घातला, आणि मागे घेतला. "नाही गं. माझ्या भरवशावर निजलीय ती."

मायलेकी कंद उकरून दिवस काढू लागल्या.

मग एका दिवेलागणीला कोशाचं टोक ओलं झालं. आतून आलं पाखरू! तळहाताहून मोठं, पंखांवर आरशासारखे चार ठिपके! कौतिकानं मध पुढे केला. पण त्याला खायला तोंडच नव्हतं, बरं का. ते नुसतं पंख हलवत बसलं. मग डोंगरापलीकडून वास काढत त्याचा जोडीदार आला. दोघांची गाठ पडली. आणि मग त्या पाखरानं जैवंताच्या सुपात अंडी घातली. घातली, घातली, सूप शिगोशीग भरलं! मग ते तिच्या हातावर येऊन बसलं, आणि तिथेच शांत झालं.

जैवंताचे डोळे भरले. "बाई गं, पोटात कण न घेता सारं देऊन गेलीस. तुझे उपकार कसे फेडू?"

तिनं घरोघरी ओंजळ ओंजळ अंडी वाटली. त्या साली रान कोशांनी लगडलं. गावानं प्रत्येक झाडावर थोडे कोसे पाखरांसाठी राखले, ऐनाला हात जोडले, मग बाकीचे काढले.

घरोघरी भात शिजला. पण कुणी घास घेईना. सगळे ताटं घेऊन जैवंताच्या दारी आले. म्हणाले, "आजी, आधी तुम्ही."

जैवंता जेवली. मग सगळे पोटभर जेवले आणि सुखानं राहिले. चला, आता डोळे मिटा बघू.