कडू पाला

झाडं आणि मेंढरं एकमेकांशी बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. माळावर कुड्याचं झुडूप होतं. कोकराचं पोट बिघडलं की म्हातारी मेंढी त्याला तिथं नेई. आधी ती स्वतः कडू पाला खाई, मग तिचं बघून कोकरू खाई.

"दात झिजलेत हिचे, विकून टाकतो," म्हाकू धनगर म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या, धनी. कोकरं तिच्या मागनंच चरत्यात," बायको तायव्वा म्हणाली. म्हाकूनं ऐकलं नाही.

पुढं कोकरांना हगवण लागली.

"बाळांनो, माझा पाला खा," झुडूप कळवळून म्हणालं.

कोकरांनी पाला हुंगला. "कडू आहे. म्हातारीनं खाल्ला की आम्ही खाऊ," म्हणत ती बाजाराच्या वाटेकडं बघत बसली.

दोन दिवसांनी म्हाकूनं त्याच झुडपाखाली कोकरं पुरायला खड्डा खणला.