भेग दिन

त्या राज्यात वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट होते आणि दुःखं त्याहून पुष्कळ जास्त होती. तेव्हा दरबाराने एक दिनखातं काढलं आणि प्रत्येक दुःखाला एकेक तारीख नेमून दिली. तारखा पुरेनात म्हणून काही तारखांना दोन-दोन दुःखं बसवावी लागली. एका तारखेला सकाळी उंदीर बचाव दिन असे आणि दुपारी त्याच मांडवात मांजर पोषण दिन. मांडव दोनदा घालावा लागत नसे, आणि दुपारच्या पाहुण्यांच्या जेवणाची सोयही सकाळीच झालेली असे.

दिन साजरा करण्याची रीत ठरलेली होती. ज्याचा दिन त्याच्या रंगाची फीत प्रत्येकाने शेपटीला बांधायची, उजवा पुढचा पाय वर करून शपथ घ्यायची, भाषणं ऐकायची आणि लाडू खाऊन घरी जायचं. दुसऱ्या दिवशी फीत सुटे आणि तिच्याबरोबर विषयही सुटे. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस त्या दुःखाचं नाव काढणं अशिष्टपणाचं समजलं जाई. ज्यांना शेपूटच नव्हतं त्यांची पंचाईत होई, पण त्यांच्यासाठीही एक दिन होताच.

खात्याचा प्रमुख रंगराव नावाचा सरडा होता. त्याची नेमणूक निव्वळ गुणांवर झाली होती. फितीचा रंग कुठलाही असो, त्याला ती वेगळी बांधावी लागत नसे. मुंग्यांच्या दिवशी तो तांबडा होई, बेडकांच्या दिवशी हिरवा, आणि कावळ्यांच्या दिवशी तर इतका काळा की कावळेच ओशाळत. आपण एकही दुःख अंगावर घ्यायचं ठेवलं नाही, असं तो प्रत्येक भाषणात सांगे. ते खरंच होतं. फक्त कुठलंही दुःख त्याच्या अंगावर दुसऱ्या दिवशी राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

याच राज्यात एका तळ्याच्या मातीच्या बांधाखाली, वाळूच्या उबदार पट्ट्यात, ठकूबाई नावाच्या कासविणीने अकरा अंडी पुरली होती. ठकूबाई बुद्धीने काही फार मोठी नव्हती. दरबार म्हणतो ते दरबार करतो, असं तिला मनापासून वाटे, यावरूनच ते कळेल. पण बांध ती ओळखून होती. अंडी पुरली त्याच आठवड्यात तिला बांधाला एक भेग दिसली, बोटभर रुंद. तिच्यातून पाणी झिरपत होतं आणि वाळूकडे निघालं होतं. पिल्लं निघायला अजून तीन महिने होते. कासवाची अंडी एकदा पुरली की जागची हलवता येत नाहीत, आतला जीव दगावतो. पाणी शिरलं तरी दगावतोच. म्हणजे भेग बुजायला हवी होती, दुसरा इलाज नव्हता.

तिने तोंडातून चिखल वाहून आणला आणि भेगेत भरला. दुपारपर्यंत पाण्याने तो धुऊन नेला. हे काम म्हशींचं होतं. चार-पाच म्हशींनी एक सकाळभर बांधावर माती तुडवली असती तर विषय मिटला असता. म्हणून ठकूबाई म्हशींच्या मुखत्यारणीकडे, ढबीकडे गेली. ढबी स्वभावाने वाईट नव्हती. फक्त हुकूम असल्याशिवाय ती स्वतःचं अंगही खाजवत नसे.

"करू की," ढबी रवंथ करत म्हणाली. "त्यात काय एवढं? पण वरनं हुकूम आण बाई. आपल्या मनानं करायचं आणि मग बोलणी खायची, कुणी सांगितलंय?"

ठकूबाई अठरा दिवस चालून दरबारात पोहोचली. त्या दिवशी वाळवी सन्मान दिन होता. रंगराव वाळवीच्या फिकट रंगात बसला होता आणि समोर राज्यातलं एक जुनं दार वाळवीला समारंभाने अर्पण केलं जात होतं.

"साहेब, बांधाला भेग पडलीय," ठकूबाई म्हणाली. "म्हशींना हुकूम द्या. नाहीतर माझी अकरा लेकरं जातील."

"बाई, आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो," रंगराव म्हणाला. "पण आज वाळवीचा दिवस. वाळवीच्या दिवशी भेगेचं बोलणं बरं दिसतं का?"

"मग भेगेचा दिवस कधी असतो?"

कारकुनी करणाऱ्या खारूताईने दिनदर्शिका चाळली. ती पुन्हा चाळली. मग हळूच म्हणाली, "साहेब, भेगेला दिवस नाही."

रंगरावचं तोंड उजळलं. वैद्याला नवा रोग सापडावा तसं त्याला झालं. राज्यात एक दुःख बिनतारखेचं हिंडत होतं आणि खात्याला पत्ता नव्हता! त्याने तिथल्या तिथे भेग दिन मंजूर केला, सव्वादोन महिन्यांनंतरची पहिली मोकळी तारीख देऊन. ठकूबाईला रडू फुटलं. आपलं म्हणणं कुणीतरी ऐकलं याचाच तिला इतका आनंद झाला की म्हशींचा हुकूम मागायचा राहिलाच, हे तिच्या परतीच्या वाटेवर तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. पण मनाशी ती म्हणाली, आता भेगेला दिवस मिळाला म्हणजे हुकूम त्याच्यामागून येईलच.

ती बांधावर आली तेव्हा तिच्याआधी खात्याचे पक्षी येऊन गेले होते. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या होत्या आणि मध्ये पाटी होती: ही भेग दिनखात्याच्या ताब्यात आहे, हात लावू नये. ढबी लांबूनच पाटी बघत उभी होती.

"आता कशी बुजवायची?" ढबी म्हणाली. "भेग तुझी राहिली नाही बये, सरकारी झाली. ती बुजवली तर त्या दिवशी साहेब हार कशाला घालतील?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त ठकूबाई हात दाखवायला अठरा दिवस चालत गेली होती.

भेग आता तिच्या पाठीएवढी झाली होती. ठकूबाईने थोडा वेळ विचार केला, मग ती खुंट्यांच्या मधून आत शिरली आणि भेगेत घट्ट बसली. पाठ पाण्याकडे, तोंड वाळूकडे. पाणी थांबलं. दीड महिना ती तिथून हलली नाही. जवळ येईल तो किडा ती खाई, न आला तर उपाशी राही. तिला भूक लागे, पण भुकेपेक्षा भीती जास्त वाटे. वाळू कोरडी आहे ना हे ती सारखी निरखून बघे आणि आतल्या अकरा जणांशी हळू आवाजात काहीबाही बोले. येणारेजाणारे तिचा हेवा करत. "तुमचं बरं आहे बाई, तुम्हाला दिन मिळाला," एक खरजेने पिडलेली कोल्ही तिला म्हणाली. "आमच्या खरजेचा अर्ज दोन वर्षं पडलाय."

भेग दिन उजाडला तेव्हा पिल्लं निघायला चार दिवस उरले होते. जवळच्या उंच टेकाडावर, जिथे पाणी पोहोचण्याची शक्यताच नव्हती, मांडव पडला. जमाव लोटला. शेपटीशेपटीला मातकट फीत होती. रंगराव मातीच्या रंगाचा होऊन आला होता आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत त्याने पाठीवर एक काळी वाकडी रेघ उमटवली होती. इतकी हुबेहूब भेग कुणी पाहिली नव्हती. कित्येकांनी डोळे पुसले.

हार घेऊन मंडळी बांधावर उतरली, तर भेग दिसेना.

"भेग कुठाय?" रंगरावने विचारलं.

"इथंच आहे साहेब. मी बसलेय तिच्यात," ठकूबाई म्हणाली.

"मग उठा."

"उठले तर पाणी सुटेल. खाली लेकरं आहेत माझी. चार दिवस थांबा साहेब, मग हवे तेवढे हार घाला."

"चार दिवसांनी मुंगूस दिन आहे," खारूताईने दिनदर्शिका न उघडताच सांगितलं.

रंगरावने आवाज मऊ केला. "बाई, हा दिवस तुमच्यासाठीच ना? मंडळी लांबलांबून भेग बघायला आली आहेत. त्यांच्यात जागृती नको व्हायला? घटकाभराचा तर प्रश्न. हार घातला, शपथ झाली की तुम्हाला परत बसवू. शिवाय तुमचा सत्कारही ठेवलाय."

ठकूबाईने पाय रोवले. तेव्हा म्हशींना हुकूम सुटला. तीन महिने जो हुकूम मिळत नव्हता तो एका श्वासात मिळाला आणि पाच म्हशी धावत आल्या. ढबीने शिंग घालून ठकूबाईला भेगेतून उचकटलं. "रागावू नको हं," ती म्हणाली. "हुकूम आहे."

पाणी उसळून बाहेर आलं. जमावाने "अहाहा" केलं. रंगरावने भेगेला हार घातला, तो पाण्याने ओढून नेला. लगेच दुसरा आणण्यात आला.

सत्कारमूर्तीला खुर्चीत बसवायची खात्याची पद्धत होती. कासवाला खुर्चीत टेकवायचं तर उताणंच ठेवावं लागतं. म्हणून ठकूबाईला टेकाडावरच्या मांडवात नेऊन खुर्चीत उताणी ठेवली, अंगावर शाल घातली आणि पोटावर नारळ ठेवला. उताण्या कासवाला आपल्या बळावर पालथं होता येत नाही, हे मांडवात सगळ्यांना माहीत होतं. पण कासवांचा दिवस मागेच होऊन गेला होता.

"साहेब, झालं ना आता? मला बसवा परत," ती सारखी म्हणत होती.

"शपथ झाली की लगेच," रंगराव म्हणाला आणि त्याने पाय वर केला. तेवढ्यात त्याची नजर व्यासपीठावरच्या फलकावर गेली. फलकावर ठळक अक्षरांत होतं: भेग दीन.

"ही दुसरी वेलांटी कुणी काढली?"

खारूताईची शेपटी फुलली. ती काढणारी तीच होती. मांडवात कुजबुज सुरू झाली. एका वयस्कर पोपटाने उठून सांगितलं की उच्चारात काही फरक पडत नाही, तेव्हा त्याला सगळ्यांनी मिळून खाली बसवलं. असल्या फलकाखाली शपथ घेतली तर राज्याचं हसं होईल, असं रंगराव म्हणाला. वेलांटी खरवडून नवी काढावी आणि रंग वाळेपर्यंत कुणी जागा सोडू नये, असं ठरलं. खारूताई कुंचला घेऊन चढली.

"काय चुकलं हो ताई त्यात?" ठकूबाईने खुर्चीतून विचारलं.

"पहिली वेलांटी असली की दिवस," खारूताई खरवडता खरवडता म्हणाली. "दुसरी असली की बापडा, लाचार, ज्याचं कुणी नाही तो."

ठकूबाईने उलट्या डोळ्यांनी फलकाकडे पाहिलं. "मग बरोबरच लिहिलंय की," ती म्हणाली.

हे कुणाच्या कानावर गेलं नाही. बांधाचा एक लचका सुटून खाली गेला होता आणि लोक तिकडे बघत होते. रंग वाळत होता. ठकूबाईची मान खुर्चीच्या काठावरून मागे लोंबत होती, त्यामुळे खालची वाळू तिला उलटी पण स्वच्छ दिसत होती. वाळू आधी काळी पडली, मग हलली, मग वाहू लागली. त्यातून एक पांढरं अंडं वर आलं. मागून दुसरं, तिसरं. अकराही आली आणि पाण्यावर हलत टेकाडाखालून निघाली. त्यातल्या एकाला केसाएवढी चीर गेली होती आणि चिरेतून इवलंसं नाक बाहेर आलं होतं.

"खात्याने देखावा काय सुंदर केलाय!" मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

शालीखालून ठकूबाईचे चारही पाय बाहेर आले आणि हवेत जोरजोराने हलू लागले. नारळ गडगडत खाली पडला. पहिल्या रांगेतल्यांनी ते पाहिलं. सत्कारमूर्ती सर्वांना अभिवादन करत होत्या. मग सारा मांडव उठून उभा राहिला, आणि प्रत्येकाने आपापला पुढचा पाय उंच करून, अगदी तिच्यासारखाच, तिच्याकडे बघून हलवला.