गुंडी, पिसवा आणि पिशव्या

एक होतं मांजरीचं पिल्लू. त्याचं नाक शर्टाच्या गुंडीएवढं. म्हणून नाव गुंडी.

गुंडी भारी दचकायची. भांडं पडलं, दचकली. दार वाजलं, दचकली. स्वतःलाच शिंक आली, तरी दचकली. दचकली की शेपटी व्हायची फुर्रर्र! बाटली घासायच्या ब्रशासारखी.

एकाच जागी गुंडीला भीती वाटायची नाही. दुपारी शालू झोपली, की शालूच्या पोटापाशी, गोधडीवर. शालू छोटी. गुंडी त्याहून छोटी. दोघी मिळून घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.

पण काय झालं, घरात पिसवा आल्या. इवल्या इवल्या, काळ्या काळ्या. टुण् टुण् उडायच्या. कच्चकन चावायच्या. शालू खाजवते, आई खाजवते, गुंडी खाजवते. खर्र खर्र खर्र.

आईने परवा गोधडी धुतली. पिसवा परत आल्या. काल लाडोबा कुत्र्याला न्हाऊ घातलं. पिसवा परत आल्या. आज शालूच्या पोटावर लाल लाल ठिपके उठले.

मग मात्र आई म्हणाली, "पिसवा जाईपर्यंत गुंडी शालूजवळ झोपणार नाही."

झालं. गेली गुंडीची जागा.

तेवढ्यात बाबा बाजारात निघाले. आईचे हात होते पिठात. तिने शालूला पाठवलं. बाबांना सांग, घरात पिसवा झाल्यात, औषध आणा. शालू धावत गेली. स्कूटर वाजत होती, फट् फट् फट्.

"बाबा, पिछवा," शालू ओरडली.

"पिशव्या? आणतो हं," बाबा म्हणाले. आणि गेले.

इकडे गुंडीला आली झोप. पण झोपणार कुठे? गुंडी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

पलंगावर होती गोधडी. आईच्या जुन्या साड्यांची, फुलाफुलांची.

"गोधडीमावशी, गोधडीमावशी, धुऊन घेतेस का?"

"का गं गुंडे, काय झालं?"

"पिसवा म्हणतात, आम्ही नाही जाणार.
मला आली झोप. मी कुठे झोपणार?"

गोधडी म्हणाली, "परवाच धुतलं गं मला. काय उपयोग? सतरंजीवरच्या पिसवा टुण् टुण् आल्या माझ्यावर. आधी सतरंजी, मग मी."

गुंडी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

कोपऱ्यात उभी होती सतरंजी. गुंडाळलेली. गुंडीने हळूच हात लावला. सतरंजी पडली, धप्प! गुंडी दचकली. शेपटी फुर्रर्र!

"सतरंजीकाकू, सतरंजीकाकू, धुऊन घेतेस का?"

"का गं गुंडे, काय झालं?"

"गोधडीमावशी म्हणते, आधी सतरंजी.
पिसवा म्हणतात, आम्ही नाही जाणार.
मला आली झोप. मी कुठे झोपणार?"

सतरंजी म्हणाली, "मी ओली झाले, की किती जड होते, ठाऊक आहे? एवढं करायचं, आणि पायपुसण्यावरच्या पिसवा टुण् टुण् येणार माझ्यावर. आधी पायपुसणं, मग मी."

गुंडी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

दारात बसलं होतं पायपुसणं. ते शिंकलं, फॅच्च! धूळ उडाली. गुंडी दचकली. शेपटी फुर्रर्र!

"पायपुसणेकाका, पायपुसणेकाका, धुऊन घेता का?"

"का गं गुंडे, काय झालं?"

"सतरंजीकाकू म्हणते, आधी पायपुसणं.
गोधडीमावशी म्हणते, आधी सतरंजी.
पिसवा म्हणतात, आम्ही नाही जाणार.
मला आली झोप. मी कुठे झोपणार?"

पायपुसणं म्हणालं, "सगळे माझ्यावर पाय पुसतात, आणि आता तूही आलीस होय? माझ्याशेजारी ते पोतं आहे ना, त्याच्यावरच्या पिसवा टुण् टुण् येतील माझ्यावर. आधी पोतं, मग मी."

गुंडी निघाली. तुरु तुरु. फार नाही, पोतं शेजारीच होतं.

ते लाडोबाचं पोतं. त्याच्यावर लाडोबा झोपायचा. पोतं सरकलं, सर्रर्र! गुंडी दचकली. शेपटी फुर्रर्र!

"पोतेबुवा, पोतेबुवा, धुऊन घेता का?"

"का गं गुंडे, काय झालं?"

"पायपुसणेकाका म्हणतात, आधी पोतं.
सतरंजीकाकू म्हणते, आधी पायपुसणं.
गोधडीमावशी म्हणते, आधी सतरंजी.
पिसवा म्हणतात, आम्ही नाही जाणार.
मला आली झोप. मी कुठे झोपणार?"

पोतं म्हणालं, "पूर्वी माझ्यात तांदूळ असायचे, तांदूळ. आता कुत्रं असतं. लाडोबावरच्या पिसवा टुण् टुण् येतील माझ्यावर. आधी लाडोबा, मग मी."

गुंडी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

अंगणात होता लाडोबा. मागच्या पायाने कान खाजवत होता. खर्र खर्र खर्र. गुंडीला बघून म्हणाला, भो! गुंडी दचकली. शेपटी फुर्रर्र!

"लाडोबादादा, लाडोबादादा, न्हाऊन घेतोस का?"

"का गं गुंडे, काय झालं?"

"पोतेबुवा म्हणतात, आधी लाडोबा.
पायपुसणेकाका म्हणतात, आधी पोतं.
सतरंजीकाकू म्हणते, आधी पायपुसणं.
गोधडीमावशी म्हणते, आधी सतरंजी.
पिसवा म्हणतात, आम्ही नाही जाणार.
मला आली झोप. मी कुठे झोपणार?"

लाडोबा म्हणाला, "कालच न्हालो. काय उपयोग? गुंडीवरच्या पिसवा टुण् टुण् आल्या माझ्यावर. आधी गुंडी, मग मी."

"बरं," गुंडी म्हणाली. आणि निघाली गुंडीला शोधायला. तुरु तुरु, तुरु तुरु.

थोडी पुढे गेली. थांबली. मागे वळली.

"लाडोबादादा, गुंडी म्हणजे मीच ना?"

"मग काय मी?" लाडोबा म्हणाला.

आता आली पंचाईत. गुंडी बसली अंगणात. मनात म्हणाली, मी न्हाले, तर बसू कुठे? गोधडीवर पिसवा. सतरंजीवर पिसवा. पायपुसण्यावर पिसवा. पोत्यावर पिसवा. लाडोबावर पिसवा. सगळ्या टुण् टुण् येतील माझ्यावर. गुंडीचा चेहरा झाला एवढासा. म्याऊं.

इतक्यात आवाज आला, फट् फट् फट्. गुंडी दचकली. शेपटी फुर्रर्र!

बाबा आले. बाबांनी आणल्या पिशव्या. लाल पिशवी, निळी पिशवी, चौकड्यांची पिशवी. सगळ्या कापडी, सगळ्या नव्या.

"औषध कुठंय?" आईने विचारलं.

"कसलं औषध? शालू म्हणाली, पिशव्या आणा."

आईने शालूकडे पाहिलं. शालूने फ्रॉक वर केला, पोटावरच्या ठिपक्यांवर बोट ठेवलं, आणि म्हणाली, "पिछवा."

आई इतकी हसली, इतकी हसली, की खालीच बसली. बाबांच्या हातातली निळी पिशवी पडली. नेमकी गुंडीच्या पुढ्यात.

गुंडीने वास घेतला. हुं हुं. नवीकोरी! दुकानाचा वास, आणि पिसू एकही नाही.

नळापाशी शालूचा टब होता. त्यात कोमट पाणी, वर साबणाचा फेस. गुंडीने पाण्याकडे पाहिलं. शेपटी झाली फुर्रर्र. तिने पाहिलं शालूकडे. तिने पाहिलं पिशवीकडे. मग घट्ट मिटले डोळे.

डुबुक!

"अगंबाई, ही तर आपणहून गेली," आई म्हणाली. तिने पदर खोचला. आज एकेकाला नाही धुवायचं, आज सगळ्यांनाच धुवायचं, असं तिने ठरवून टाकलं.

गुंडी न्हाली. पिसवा गेल्या फेसात. बुड् बुड् बुड्. आईने गुंडीला पुसलं आणि ठेवलं निळ्या पिशवीत. पिशवी घेतली खांद्याला. बाहेर फक्त गुंडीएवढं नाक.

गुंडी न्हाली, म्हणून लाडोबा न्हाला. त्याने अंग झाडलं, फडफड फडफड. बाबा ओले झाले. लाडोबा मावेल एवढी पिशवी नव्हती. तो जाऊन बसला धुण्याच्या दगडावर.

लाडोबा न्हाला, म्हणून पोतं धुतलं. पोतं धुतलं, म्हणून पायपुसणं धुतलं. पायपुसणं धुतलं, म्हणून सतरंजी धुतली. ती खरंच फार जड झाली. आईने एक टोक धरलं, बाबांनी एक. पीळ पीळ पीळ. सतरंजी धुतली, म्हणून गोधडी धुतली. सगळे चढले दोरीवर. कडक ऊन पडलं होतं. आईने घर झाडलं, कोपरे झाडले, पलंगाखाली झाडलं. सुप् सुप् सुप्.

"संपल्या," आई म्हणाली.

खर्र खर्र खर्र.

लाडोबाने कान टवकारले. पिशवीतून नाक वर आलं. कोण खाजवतंय? बाबा.

शालू म्हणाली, "आधी बाबा."

बाबा निमूट गेले अंघोळीला.

मग गोधडी वाळली. गरम गरम, उन्हाच्या वासाची. आईने ती पलंगावर पसरली. शालू आडवी झाली. पोटापाशी थोडी जागा ठेवली आणि म्हणाली, "गुंडी, ये."

गुंडी आलीच नाही. आईने पिशवीत पाहिलं. गुंडी केव्हाच झोपली होती.

मग आईने पिशवीच उचलली. ठेवली शालूच्या पोटापाशी, गोधडीवर. बाहेर भांडं पडलं, ठण्ण! गुंडी दचकली नाही. शेपटीही हलली नाही.

घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.

ही गोष्ट धुतली, दोरीवर टाकली. वाळली की करू घडी, आणि झोपू घटकाभर.