एका उबेतले दोन अजगर

त्या दिवशी जुन्नरात वारं असं सुटलं होतं, की दाराच्या फटीतून शिट्ट्या वाजत होत्या. आभाळ खाली आलेलं, राखुंडीच्या रंगाचं. कुत्रीसुद्धा पाय पोटाशी घेऊन भिंतीकडेला पडलेली.

"बाबा, एका घरात, एका उबेत राहून कुणी थंडीनं मरतं का?"

विश्वंभर टाकसाळे दारातूनच विचारत आत आला. एक चप्पल बाहेर, एक पायातच.

अमीनबाबा फकीर शेगडीपाशी बसले होते. मी, त्यांचा चेला, मागं चुलीवर चहा ठेवत होतो. त्यांचा तकिया, म्हणजे फकिराची राहायची जागा, आणि टाकसाळ्यांचं घर, मध्ये भिंत एकच. इकडं खोकला झाला तर तिकडं कळावा. विश्वंभर चड्डीत फिरायचा तेव्हापासून बाबा त्याला ओळखत. आता त्याचं भुसाराचं मोठं दुकान होतं, पेठेत वजन होतं. पण दर गुरुवारी बाबांच्या पायाशी येऊन बसायचं त्यानं सोडलं नव्हतं.

आज गुरुवार नव्हता.

"कोण मेलं, विसू?"

"साप."

"सुहासचा?"

"हो… दोघांतला धाकटा."

सुहास म्हणजे विश्वंभरचा एकुलता एक मुलगा. त्यानं रीतसर कागद करून दोन परदेशी अजगर पाळले होते. बॉल पायथन म्हणतात त्यांना. दोन-तीन हात लांब, जात गरीब. भ्यालं की अंगाचा चेंडू करतं आणि डोकं आत लपवतं, म्हणून ते नाव.

सुहासनं दोघांना दोन वेगळ्या पेट्या केल्या होत्या. पेटीत एका बाजूला ऊब, दुसऱ्या बाजूला गारवा. पाण्याचं भांडं. आणि लपायला एक अंधारी जागा, अंग जेमतेम मावेल एवढीच.

विश्वंभरला ते बघवत नसे.

"जेल वाटायचं मला ते, बाबा. एक इकडं कोंडलेला, एक तिकडं. सुहास कामासाठी महिनाभर नाशकाला गेला, तेव्हा मी सुताराकडून काचेचं घर करून घेतलं. सागवानी चौकट. आत माणूस निजेल एवढं. दोघांना एकत्र सोडलं."

"त्यानं काही सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं. म्हणाला होता, अण्णा, यांना एकत्र ठेवायचं नसतं. मी म्हटलं, वा! आता अजगरांनाही वेगळं राहायला शिकव!"

बाबांनी शेगडीतला कोळसा हलवला.

"वेगळं राहायचं म्हणतोय का तो?"

"दिवाळीपासून म्हणतोय. तो आणि सून. पण आमच्या घरात कुणी वेगळं निघालेलं नाही, बाबा. आजोबांपासून चूल एक. गावाला माहीत आहे."

"बरं. मग साप?"

"एकत्र सोडले आणि लगेच एकमेकांना बिलगले. लोक बघायला यायचे. मी सांगायचो, मुकी जनावरं, पण बघा कशी गळ्यात गळा घालून निजतात."

"सापाला गळा कुठून सुरू होतो रे?" बाबा हसले.

विश्वंभर हसला नाही.

"ऊब एकाच कोपऱ्यात होती. मोठा तिथं बसायचा. धाकटा त्याला चिकटून, जागा मिळेल तसा. कायम चेंडू केलेला. मला वाटायचं, निजलाय."

बाबांनी कोळशावर फुंकर घातली.

"मग तो तोंड उघडून श्वास घ्यायला लागला. घरघर ऐकू यायची. मी म्हटलं, घोरतोय."

बाहेर वाऱ्यानं कुठलासा पत्रा आपटला.

"सुहास काय म्हणाला?"

"सकाळी आला. बॅग खांद्यावरच. काच सरकवली, त्याला हातात घेतलं, थोडा वेळ छातीशी धरलं. मग परसात कढीपत्त्याखाली खड्डा करायला बसला. मी फावडं घेऊन गेलो. तर म्हणाला, राहू द्या अण्णा… लहानच लागतो."

विश्वंभरनं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"सून दारात उभी होती. तीही काही बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. बाबा, माझं काय चुकलं? मी तर जोडत होतो."

"मला सापातलं काही कळत नाही," बाबा म्हणाले. "तुला थंडी वाजते का?"

"वाजते."

"मग ये, जवळ बस. इथं, माझ्या पाठीशी."

विश्वंभर सरकून बाबांच्या पाठीशी बसला, अगदी अंगाला अंग लावून. बाबांनी शेगडी आणखी पुढ्यात ओढली, वरून आपल्या गुडघ्यांवर घोंगडी पसरली आणि डोळे मिटले.

"बरं वाटतं ना?"

"हो, बाबा."

मी चहा उकळवत होतो, तो आटून गेला.

चंद्राबाई कासारीण डोक्यावर बांगड्यांचं गाठोडं घेऊन दारावरून चालली होती. तिनं आत डोकावलं.

"अगंबाई! टाकसाळ्यांचं नशीब बघा! बाबांना कसं चिकटून बसायला मिळतंय! आम्हाला मेलं उंबऱ्यावरूनच जावं लागतं."

विश्वंभर जरा ताठ झाला. ती गेली. थोड्या वेळानं त्याचे दात वाजायला लागले.

"आता कसं वाटतं?" बाबांनी डोळे न उघडता विचारलं.

विश्वंभरनं दोन्ही हात काखेत दाबले.

"बोल की. दुकानात बोलतोस तसं बोल."

"बाबा, शेगडी दिसत नाही मला. नुसती तुमची पाठ दिसते."

"मग सरका म्हणायचं."

"तुम्हाला? तुम्हाला कसं म्हणू मी?"

विश्वंभर त्या पाठीकडं बघत राहिला. मग त्याचा हात आपोआप तोंडावर गेला.

"तोही नाही म्हणाला, बाबा… सरका असं एकदाही नाही म्हणाला. नुसतं म्हणायचा, अण्णा, माळीवाड्यात दोन खोल्या बघितल्यात. आणि माझ्या तोंडाकडं बघून गप्प व्हायचा."

"हं."

"मी तर त्यांच्यावर पांघरूण घालत होतो."

"त्या मोठ्या सापालाही तसंच वाटत असेल," बाबा हळूच म्हणाले.

म्हातारं माणूस रडतं तेव्हा आवाज फार होत नाही. खांदे तेवढे हलतात.

बाबा बाजूला सरकले. शेगडी समोर आली, पण विश्वंभर पुढं झाला नाही. होता तिथंच बसला.

"तो गेला की घरात मी, आणि ती काचेची पेटी. केवढी मोठी केली मी ती, बाबा…"

भिंतीपलीकडं कपाट उघडल्याचा आवाज झाला. मग ट्रंक ओढल्याचा. सुहास काहीतरी बोलला, सुनेनं उत्तर दिलं. शब्द कळले नाहीत.

विश्वंभर अर्धा उठला आणि तसाच थांबला, एक हात जमिनीवर टेकून.

"जाऊ नको म्हणणार नाही मी. पण जा, हेही तोंडातून निघायचं नाही. समोर गेलो की ते मेलेलं जनावरच दोघांच्या मध्ये येईल. काय बोलू मी त्याच्याशी? बाबा, एक शब्द सांगा. एकच."

बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"विचार त्याला…" ते म्हणाले, "नव्या घरात ऊन कुठल्या खोलीत येतं."