हसणारी फौज

"मग माझं चुकलं कुठं, ते तरी सांगा."

उस्ताद चहाचा चोथा चाळत होते.

"उस्ताद, मी तुमच्याशी बोलतोय."

"ऐकतोय की."

चोथा वाळला होता. बारीक चोथ्याची शेतजमीन व्हायची, जाड्या चोथ्याची डोंगराची माती. घरातला चहा एक वेळ संपलेला चालायचा, चोथा वाया गेलेला चालायचा नाही.

मिरजेत लतीफ पेंटर म्हटलं की जुनी माणसं अजून सिनेमाच्या थेटराकडं बोट करतात. थेटर कधीच पडलं. पण त्याच्यावर चढलेले घराएवढ्या उंचीचे नायक याच माणसानं शिडीवर उभं राहून रंगवलेले. पुढं फ्लेक्स आले, शिडी उतरली, आणि उस्ताद बोटाच्या पेराएवढे शिपाई रंगवू लागले. नायकाच्या एका नाकपुडीत आता त्यांची अख्खी पलटण मावली असती.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं टेबल होतं. थर्माकोलचा घाट, फेविकॉलची नदी, चोथ्याची शेतं. दर रविवारी चांगली बाप्ये माणसं तिथं समोरासमोर उभी राहून धातूच्या फौजा लढवत. टेपानं मोजून शिपाई सरकवायचे, फासे टाकायचे, मेलेला बाजूला आडवा ठेवायचा. यांच्या बायकांची याबद्दलची मतं इथं लिहिण्यासारखी नाहीत.

उस्तादांचा नियम एकच होता. बिनरंगाचा शिपाई टेबलावर चढत नाही, आणि ज्याची फौज त्यानंच रंगवायची.

"नियम मोडला, मान्य आहे," सुजय म्हणाला. "पण काम चांगलंच केलं ना मी?"

सुजय आरवाडे दातांचा डॉक्टर. कपाळावर भिंग चढवून तो शिपायांच्या मिशीला पीळ द्यायचा, डोळ्यांत बुबुळ काढायचा, गालावर जुना वार काढायचा. हात सुरेख होता. ते त्याला ठाऊकही होतं, आणि जरा जास्तच ठाऊक होतं.

त्यानं डबा उघडून एक शिपाई पुढं धरला.

उस्तादांनी चाळणी ठेवली. शिपाई उजेडाकडं धरला.

"चांगलाय."

"मग?"

उस्तादांनी शिपाई परत दिला आणि चाळणी उचलली.

डबा बसवराज कोऱ्यांचा होता. बसू आणि सुजय चौथीपासून एका बाकावरचे. बसूचं आता विजेच्या सामानाचं दुकान होतं. या टेबलावर सुजयच्या समोर कायम तोच उभा असायचा. बसूची रंगवायची तऱ्हा सगळ्या शेडला माहीत होती. तोंडाच्या जागी गुलाबी ठिपका. त्यावर काळे दोन. खाली तांबडी रेघ, दोन्ही टोकांना वर गेलेली.

अख्खी फौज हसायची. कुणी वाकडं हसायचा, कुणाचा डोळा गालावर घसरलेला. तोफ डागणारा हसायचा, मरून आडवा झालेलाही हसायचा.

"किती वर्षं बघतोय मी ते," सुजय म्हणाला. "मी एकेका माणसावर आठ-आठ दिवस घालवायचे, आणि समोर हे. लढाई वाटतच नाही, वरात वाटते. भाले मोडलेत, चिकटवून देतो म्हणून मी डबा घरी नेला. दवाखाना सुटल्यावर रोज बसलो. सगळ्यांची तोंडं पुसली आणि नव्यानं रंगवली. त्याला आनंद होईल असं वाटलं होतं. खरंच वाटलं होतं."

"मग? चिडला?"

"चिडला असता तर बरं झालं असतं."

"काय म्हणाला?"

"एकेक उचलून बघितला. म्हणाला, छान झालेत. मग डबा बंद केला आणि माझ्याकडं सरकवला. म्हणाला, तूच ठेव."

उस्तादांनी चाळणीतली एक काडी वेचून टाकली.

"त्यानंतर तो रविवारचा येत नाही. दुकानात गेलो तर गिऱ्हाईकासारखं बोलतो. काल म्हणाला, 'या डॉक्टर, बसा.' मला अहो म्हणाला, उस्ताद. चौथीपासून ज्यानं सुज्याशिवाय हाक मारली नाही, तो."

चाळणी थांबली.

"मला दुसरा कुणी नाही तसा. ओळखी पुष्कळ आहेत. पण तसा कुणी नाही."

एवढं बोलून तो गप्प झाला. एरवी पेशंटला आ करायला लावून स्वतः तासभर बोलणारा माणूस तो.

उस्तादांनी चाळणी झटकली, हात पुसले.

"मांड."

"काय?"

"फौजा. तुझी आणि त्याची."

सुजयनं मांडल्या. आपली डोंगराच्या बाजूला, बसूची नदीच्या बाजूला. नव्या तोंडांची बसूची फौज मोठी देखणी दिसत होती. त्याला आत कुठंतरी बरंही वाटलं. नको म्हटलं तरी वाटलं.

"खेळ."

"कुणाशी? तुम्ही खेळणार?"

"नाही. तूच. दोन्हीकडून."

सुजयनं फासे टाकले, आपले घोडेस्वार घाटाखाली आणले. मग टेबलावर ओणवा होऊन त्यानं बसूच्या बंदूकवाल्याकडं हात लांबवला.

उस्तादांनी लाकडी पट्टी त्याच्या मनगटावर ठेवली.

"बसूचा डाव बसूच्या जागेवरनं."

"इथून पोचतोय की हात."

पट्टी हलली नाही.

सुजय टेबलाला वळसा घालून नदीच्या बाजूला गेला. इतक्या वर्षांत तो या बाजूला उभा राहिला नव्हता. राहायचं काही कारणच पडलं नव्हतं.

"गोळी कुणावर?"

"समोरच्या... म्हणजे माझ्या सरदारावर."

"नजर पोचते का बघ."

हा टेबलाचा कायदाच होता. गोळी झाडायची तर आधी खाली बसायचं, डोळा शिपायाच्या मागं नेऊन टेकवायचा आणि तिथून समोरचा दिसतो का ते बघायचं. दिसला तरच गोळी. सुजयनं गुडघे मोडले, हनुवटी टेबलाला लावली आणि बसूच्या बंदूकवाल्याच्या खांद्यावरून समोर बघितलं.

बघितलं, आणि तसाच बसला.

"पोचते?" उस्तादांनी विचारलं.

"पोचते."

"कोण दिसतंय?"

"माझी माणसं."

"काय करतायत?"

"बघतायत... माझ्याकडं."

"कशी?"

एकूणएक भुवई सुजयनंच खाली ओढली होती. एकेका डोळ्यातला लाल कोपरा त्याचाच. घाटापासून शेतापर्यंत सगळी फौज दात आवळून उभी होती आणि सगळ्यांचे डोळे नेमके इथं येत होते, या बाजूला उभ्या राहणाऱ्या माणसावर.

"खाऊ का गिळू अशी," तो म्हणाला.

उस्तादांनी बिडी काढली, पेटवली नाही.

"मला कधी... मला नेहमी त्यांच्या पाठीच दिसतात ना. मांडताना काय ते तोंड बघायचं. मग डाव संपेपर्यंत पाठीच."

"हं."

"बसू हे बघत उभा राहायचा?"

"दर रविवारी."

"कधी बोलला नाही."

"तू?"

"मी बोललो होतो एकदा. म्हटलं, लढाईत हसतं का रे कुणी? तर म्हणाला, मला कुठं दिसतात? तुला दिसतात." सुजय थांबला. "मला वाटलं आळशीपणा झाकतोय."

तो अजून खालीच बसला होता. उठायचं बहुतेक सुचलं नसावं.

बाहेर कुणीतरी पाण्याची मोटर लावली.

"खरवडून टाकतो," सुजय एकदम उठत म्हणाला. "होते तसे करून देतो."

"खाली बसूचा रंग आहे?"

"नाही. तो आधी पुसला ना. त्याशिवाय नवा नीट बसत नाही."

"सगळा पुसलास?"

"सगळा."

"काम तू नीटच करतोस," उस्ताद म्हणाले. यात शाबासकी नव्हती आणि सुजयलाही ती ऐकू आली नाही.

"पण त्यात अवघड काय आहे? एक ठिपका, दोन डोळे, एक रेघ. माझ्या डोळ्यांसमोर आहेत ते. करतो की."

"कर."

सुजयनं एका शिपायाचं तोंड थिनरनं पुसलं. कपाळावर भिंग चढवलं, नेहमीचा सगळ्यात बारीक ब्रश घेतला. ठिपका. डोळे. रेघ. त्यानं फुंकर घालून वाळवला आणि बघितला.

शिपाई हसत होता खरा. पण दोन्ही गाल सारखे, दोन्ही टोकं सारखी. टूथपेस्टच्या जाहिरातीतलं हसू होतं ते.

"जरा वाकडं पाहिजे," तो स्वतःशीच म्हणाला.

दुसरा घेतला. रेघ मुद्दाम वाकडी ओढली. लकवा मारलेला पेशंट झाला.

तिसऱ्याला भिंग काढून ठेवलं. चौथा डाव्या हातानं केला, तो रडकाच झाला. पाचव्याच्या वेळी त्यानं डोळे मिटून ब्रश टेकवला, आणि असलं काही झालं की ते त्यानं लगेच फडक्यानं पुसलं. उस्तादांना दाखवलंही नाही.

ऊन शेडच्या उंबऱ्यापर्यंत आलं. पुसलेल्या शिपायांची रांग वाढत गेली. बसूचं हसू काही त्या हातातून उतरेना. तो हात काहीही काढू शकत होता. पडलेला दात जसाच्या तसा करून बसवायचा, ब्रशानं जावळाएवढा बारीक केस रंगवायचा. इथं एका तांबड्या रेघेपाशी अडला होता.

"येत नाही," सुजय शेवटी म्हणाला.

हे वाक्य त्या शेडमध्ये त्याच्या तोंडून आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

"तुम्ही दाखवा, उस्ताद. एकच काढून दाखवा, पुढचं मी बघून करतो."

उस्तादांनी ब्रश घेतला. तांबड्या रंगात बुडवला, टोक बोटावर फिरवून नीट केलं. शिपाई डाव्या हाताच्या चिमटीत धरला. ब्रश त्याच्या तोंडापर्यंत नेला.

...

मग ब्रश पाण्यात बुडवून धुतला आणि ठेवून दिला.

"मला नाही येत."

"तुम्हाला?"

"नाही येत."

"थेटरावरचे एवढाले चेहरे काढलेत तुम्ही."

"ते येतात."

सुजयनं त्यांच्याकडं बघितलं. थट्टा चाललीय का, असं त्याला वाटलं असावं. थट्टा नव्हती. उस्तादांनी शिपाई हळूच रांगेत उभा केला, बाकीच्यांसारखाच, कोऱ्या तोंडाचा.

सुजयनं उरलेले शिपाई एकेक करून पुसायला घेतले. घाई केली नाही. त्याचे ते दवाखान्यानंतरचे सगळे तास, ती करारी तोंडं, ती बुबुळं, फडक्यावर येत गेली. एका म्हाताऱ्या झेंडेवाल्यापाशी तो थांबला. त्याच्या डोळ्याखालची सुरकुती त्याला फार साधली होती. उस्ताद दुसरीकडं बघत होते.

त्यानं तोही पुसला.

सगळे कोरे झाल्यावर त्यानं ते डब्यात निजवले. वरून कापूस ठेवला.

"आत्ता जातो त्याच्या घरी. आज दुकान बंद असतं."

"जा."

"आणि दारातनंच 'या डॉक्टर' म्हणाला तर?"

उस्तादांनी बिडी पेटवली.

"आत नाही घेतलं तर?"

धूर शेडबाहेर गेला.

मग सुजयनं डब्याशेजारच्या पिशवीत आपलं सामान भरायला घेतलं. भिंग. ब्रशांची पुरचुंडी. परदेशातून मागवलेले रंग.

"ब्रश राहू दे इथं," उस्ताद म्हणाले.

सुजयनं पुरचुंडी बाहेर काढली.

"भिंग?"

"ते पण."

"रंग तरी नेतो. त्याच्याकडचे वाळलेले असतात, उस्ताद. घट्ट होतात, तो तसेच वापरतो."

"राहू दे."

सुजयच्या हातात आता नुसता डबा उरला. कोऱ्या शिपायांचा, दुसऱ्याचा. तो दारापर्यंत गेला आणि वळला.

"मग मी तिथं जाऊन करू काय?"

उस्तादांनी चाळणी ओढून घेतली, त्यात मूठभर चोथा टाकला.

"समोर बस."